वाडीतला नारळ आणि पेठेतले नाव



मुरूडच्या पाखाडीतून समुद्राकडे चालू लागले की दोन्ही हातांना नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात. पाडेली माडावर चढतो, नारळ खाली येतात, त्यांची मोजणी होते आणि ते वाडीबाहेर पडतात. वेशीबाहेर गेलेल्या त्या नारळाला नाव राहत नाही. तो मुरूडचा की केळशीचा, हे कोणी विचारीत नाही. याच गावच्या वाण्याच्या फळीवर मात्र खोबरेलाची एक निळी बाटली उभी असते, आणि गिऱ्हाईक ती नाव घेऊन मागते. तेल खोबऱ्याचेच, परंतु एका मालाला नाव आहे आणि दुसऱ्याला नाही. हे नाव कसे मिळते, कसे टिकते आणि कसे जाते, याचा थोडासा इतिहास आज आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत. राजेरजवाड्यांच्या लढायांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकतो. कंदील, साबण, तेल अशा रोजच्या वस्तूंच्या लढायाही तितक्याच चुरशीने लढल्या गेल्या आहेत.

आरंभ स्वदेशीच्या काळापासून करू. थोड्याथोडक्या पैशातून मोठे काम उभे राहते, हे मुरूडकरांना सांगावयास नको. नोकरीधंद्यासाठी बाहेर पडलेल्या गावकऱ्यांनी आपल्या कमाईतला अंश गावाकडे पाठवावा, म्हणून महर्षी अण्णासाहेब कर्वे यांनी 'मुरूड फंड' काढला होता. तीच कल्पना कारखानदारीला लावून अंताजी दामोदर काळे यांनी घरटी पैसा पैसा गोळा करण्याचा उद्योग आरंभिला. लोकमान्य टिळकांनी त्यास पाठबळ दिले आणि 1908 साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. काचेचे काम इथल्या माणसांना शिकवावे, हाही त्यामागे हेतू होता.

पुढे 1916 साली कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्या आश्रयाने, ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला, आणि त्यातून 'प्रभाकर' कंदील घराघरांत गेला. त्या काळी चांगला कंदील म्हणजे विलायती, अशीच समजूत होती. अमेरिकेचा 'डीट्झ' आणि जर्मनीचे कंदील बाजारात पाय रोवून बसले होते. कंदील ही दिसावयास साधी वस्तू, पण करावयास मोठी अवघड. आतून ज्योतीची धग आणि बाहेरून पावसाळी गार वारा, असा दुहेरी मारा त्याच्या काचेवर होतो. काच नीट निववलेली नसेल तर पहिल्याच रात्री तडकते. वात वर-खाली करणारी चकती जराशी सैल बसली तरी काजळी धरते. म्हणून नुसते 'आमचा माल देशी आहे' एवढ्यावर भागण्यासारखे नव्हते. देशाभिमानाने गिऱ्हाईक एकदा दार उघडते. दुसऱ्यांदा उघडावयाचे की नाही, हे त्या वस्तूच्या वागणुकीवर ठरते. प्रभाकर कंदील ही दुसरी परीक्षा उतरला, म्हणूनच त्याचे नाव झाले.

आणि तरीही तो आज आपल्या ओटीवर नाही. डीट्झने त्याला हरविले नाही, जर्मनांनी हरविले नाही. गावोगाव विजेच्या तारा आल्या आणि कंदिलाची गरजच ओसरली. कारखाना बंद पडला त्यास इतरही कारणे असतील. पण ज्या वस्तूने नाव मिळवून दिले तिची मागणीच आटली, हे मूळ दुखणे होते. आज कऱ्हाडचे रेल्वे स्टेशन ज्या ओगलेवाडीत आहे तेथे गावाचे नाव उरले आहे, कंदील गेला आहे. समोर उभा असलेला प्रतिस्पर्धी सर्वांना दिसतो. ज्याला आपल्याशी लढावयाचेच नाही, अशा दिव्याच्या गोळ्याने मात्र घात केला. आपण कंदील विकतो की उजेड विकतो, हा प्रश्न वेळीच विचारणे सोपे नसते, कारण कंदील खपत असतो तोवर तो सुचत नाही.

आता आपल्या माडाकडे परत येऊ. 1917 साली टाटांनी तेलगिरण्यांची कंपनी काढली आणि एर्नाकुलमजवळ, पुढे टाटापुरम म्हणून ओळखल्या गेलेल्या जागी, खोबरे गाळण्याचा कारखाना घातला. आपल्या किनाऱ्यावरचे खोबरे परदेशी जावे, तेथे त्याचे तेल निघावे आणि साबण होऊन ते पुन्हा आपल्याच मोरीत यावे, हा उफराटा व्यवहार थांबविण्याची ती खटपट होती. खोबरेलाचा साबण भरपूर फेस देतो, तेव्हा तेलाच्या कंपनीने साबणाकडे वळणे स्वाभाविकच होते.

पण साबणाच्या पेठेत आधीच एक बलाढ्य असामी बसली होती. लिव्हर बंधूंचा 'सनलाइट' 1888 साली कलकत्त्याच्या बंदरात उतरला होता. 1934 साली तर त्यांनी मुंबईत शिवडीला साबण करावयास आरंभ केला. टाटांच्या साबणाशी त्यांची दराची झुंजही लागली. मोठ्या भांडवलवाल्याचे हे जुनेच हत्यार आहे: दर इतका उतरवावयाचा की समोरच्याला खर्चही सुटू नये. दहा मुलुखांत ज्याचा व्यापार आहे त्याला एका मुलुखातला तोटा सोसतो. ज्याचे सारे एकाच पेठेत आहे त्याला तो सोसत नाही. टाटांची कंपनी त्या झुंजीतून तगली आणि पुढे साठ वर्षे टिकली. परंतु 1993 साली तीच कंपनी हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन झाली. जी दराच्या लढाईत पडली नाही, ती अखेरीस बाजारातील दीर्घ दमाच्या शर्यतीत मागे पडली.

यावरून मोठ्यांपुढे लहानांचे काही चालत नाही, असे कोणी समजू नये. 1969 साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी घरच्या घरी धुण्याची पूड करून सायकलवरून विकावयास सुरुवात केली. तिची किंमत नामांकित पुडीच्या मानाने इतकी कमी होती की, ज्या घरांत पुडीचे कपडे धुणे ही चैन मानली जाई, त्या घरांत ती गेली. मोठ्या कंपनीने त्या घरांना आपले गिऱ्हाईक कधी मानलेच नव्हते. जेव्हा मानले, तेव्हा तिलाही स्वस्तातली निराळी पूड काढावी लागली. मोठ्याला लहान गिऱ्हाईक दिसत नाही. लहान उद्योगाचा शिरकाव होतो तो तिथूनच.

आता त्या निळ्या बाटलीची कथा. मुंबईच्या मशीदबंदरच्या पेठेत मारीवाला घराण्याचा तेलाचा व्यवहार होता. आडनावातली 'मारी' म्हणजे काळी मिरी. आपल्या पोफळीवर चढणारीच ती. त्यांच्या बॉम्बे ऑइल इंडस्ट्रीजचे खोबरेल 'पॅराशूट' या नावाने जात असे, परंतु पुष्कळसे मोठ्या डब्यांतून. दुकानदार त्यातून सुटे मोजून देई, म्हणजे नाव डब्यावरच राही, गिऱ्हाइकाच्या घरी जात नसे. 1971 साली धंद्यात आलेल्या हर्ष मारीवाला यांनी हे ओळखले आणि लहान मापाच्या बंद मालाकडे लक्ष दिले. पुढे पत्र्याच्या डब्याऐवजी प्लॅस्टिकची बाटली आणावी, असे त्यांच्या मनात आले, कारण ती स्वस्त पडे आणि दिसे चांगली. तर दुकानदार ऐकेनात. पूर्वी कोणी तरी चौकोनी बाटल्या आणल्या होत्या. तेल पाझरे आणि त्या वासाने उंदीर येऊन कोपरे कुरतडीत. रात्रीतून फळीवर तेलाचे ओघळ! अशा अनुभवानंतर दुकानदाराने नको म्हणावे यात नवल काय?

यावर कंपनीने जाहिरात केली नाही, विनवणीही केली नाही. बाटली गोल केली, म्हणजे उंदराच्या दाताला धरावयास कोपरा उरला नाही. तेल बाहेर पाझरणार नाही अशी तजवीज केली. आणि उंदरांच्या पिंजऱ्यात त्या बाटल्या काही दिवस ठेवून त्या शाबूत राहतात हे दुकानदारांना दाखविले. मग माल फळीवर चढला. आम्हास या कथेत मोठा बोध वाटतो. बाजार बाजार म्हणून आपण मोठमोठे शब्द वापरतो, पण बाजार म्हणजे शेवटी एक दुकानदार आणि त्याच्या फळीवरची एक अडचण.

1990 साली हा व्यवहार मॅरिको या वेगळ्या कंपनीकडे आला. टाटांच्या विलीनीकरणाबरोबर त्यांचे 'निहार' हे केसांचे तेल हिंदुस्तान लिव्हरकडे गेले होते. आता ते पॅराशूटच्या समोर उभे झाले. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस लिव्हरच्या अध्यक्षांनी स्वतः फोन करून धंदा विकण्याविषयी विचारणा केली आणि मारीवाला यांनी ती नाकारली, हे त्यांनीच पुढे सांगितले आहे. नंतरची काही वर्षे निकराची गेली. मॅरिकोचे लक्ष खोबरेलावर एकवटलेले होते. लिव्हरच्या शेकडो व्यापांत खोबरेल हा एक व्याप होता. 2006 साली निहार हे नाव मॅरिकोनेच विकत घेतले. टाटापुरमच्या खोबऱ्यापासून निघालेला धागा असा फिरून मशीदबंदरला आला.

तथापि या सबंध कथेत आपला माड कोठे आहे? कंपनीचे खोबरे मुख्यतः केरळ-तमिळनाडूकडचे. आपला नारळ बहुतेक ओलाच खपतो आणि त्याचा भाव दुसरा कोणी तरी ठरवितो. ज्याच्या मालाला नाव नाही त्याच्या हातात भाव नाही, एवढेच याचे तात्पर्य. कोकणच्या हापुसाला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे मुलुखाचे नाव कायद्याने मुलुखाचे झाले. परंतु कायदा नाव राखून देतो, लौकिक राखून देत नाही. एका बागाईतदाराने पेटीच्या तळाशी परमुलुखीचा आंबा भरला तर डाग साऱ्यांच्या नावाला लागतो. कंपनीचे नाव एका घराण्याचे असते. गावाचे नाव सर्वांच्या सामाईक विहिरीसारखे असते, तिच्यात एकाने घाण टाकली तरी पाणी सर्वांचेच नासते.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरच्या वाड्या आडव्या केल्या. आजोबांनी लावलेले माड एका दुपारी पडलेले आपण पाहिले. बाणवली माड लावल्यापासून फळाला यावयास सहा-सात वर्षे लागतात, तोवर पदरचे खर्चून पाणी शिंपावे लागते. मालाचे नावही असेच लावावे लागते. पुन्हा उभ्या केलेल्या वाड्या आता फळाला येऊ लागल्या आहेत, येतील. त्या नारळाच्या पोत्यावर मुरूडचे नाव असेल काय, आणि ते नाव राखण्याची जबाबदारी आपण सारे मिळून घेणार काय, याचा विचार घरी जाताना, त्याच वाड्यांच्या मधून चालताना, आपण करावा एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.