‘मिल्क स्टाउट’मधलं दूध

दुधाची अ‍ॅलर्जी आहे आणि बिअरच्या बाटलीवर ‘मिल्क स्टाउट’ लिहिलंय? मग ती बाटली खाली ठेवा. ते नुसतं नाव नाही.

१९०७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये मॅकेसन कंपनीने काळ्या स्टाउट बिअरमध्ये लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, घालायला सुरुवात केली. बिअरच्या यीस्टला ही साखर आंबवता येत नाही. ती तशीच उरते आणि बिअर गोडसर, दाट लागते. पौष्टिक पेय म्हणून जाहिराती झाल्या. अंगावर पाजणाऱ्या आयांनाही ती सुचवली जाई! (आज कुणी असं सुचवलं तर मुळीच ऐकू नका.) दुसऱ्या महायुद्धानंतर, रेशनिंगच्या काळात, ब्रिटिश सरकारने लेबलवरचा ‘मिल्क’ शब्द काढायला लावला. बाटलीत दूध नसताना ग्राहकाची दिशाभूल नको, हा हेतू रास्तच. पण लॅक्टोज आत राहिलं, त्याची खूण तेवढी गेली.

लॅक्टोज न पचणं वेगळं. त्यात पोट फुगतं, जुलाब होतात. अ‍ॅलर्जी असते दुधातल्या प्रथिनांची. लॅक्टोजच्या पावडरीत त्यांचा अंश राहू शकतो, आणि मग अंगावर गांधी उठण्यापासून श्वास कोंडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. युरोपीय संघात २००५ पासून मद्याच्या लेबलवरही दुधाच्या घटकांचा उल्लेख सक्तीचा झाला.

क्राफ्ट बिअरवाल्यांनी लॅक्टोज पुन्हा आणलंय, ‘मिल्कशेक आयपीए’सारख्या फिक्या बिअरमध्येसुद्धा. शिवाय नळातून थेट ग्लासात येणाऱ्या बिअरला लेबलच नसतं. आधी विचारा, आणि ‘बहुतेक नसेल’ असं उत्तर आलं तर दुसरं काही मागवा.