२८ तासांचा दिवस

"रात्रपाळीची आठवड्यात सवय होते रे!" इति आमचा टीम लीड. मला मात्र क्लाइटमन आठवतो.

जून १९३८ मध्ये शिकागो विद्यापीठातला हा झोपेचा अभ्यासक आपला विद्यार्थी रिचर्डसनला घेऊन केंटकीतल्या मॅमथ केव्हमध्ये ३२ दिवस राहिला. ऊन नाही, तापमान कायम १२ अंशांच्या आसपास. दिवस ठरवला २८ तासांचा, पैकी झोप ९ तास. (उंदीर-किडे चढू नयेत म्हणून पलंगाचे पाय डब्यांत!) तरुण रिचर्डसन आठवड्याभरात रुळला. त्रेचाळीस वर्षांच्या क्लाइटमनच्या अंगाचं तापमान मात्र शेवटपर्यंत २४ तासांच्या हिशेबानेच चढत-उतरत राहिलं.

दोन माणसांवरून नियम ठरत नाही, मान्य. पण मी एक्केचाळीसचा, आणि लीड अजून तिशीचाही नाही. पुढच्या महिन्याच्या पाळीला मी अजून हो म्हटलेलं नाही.