एक बैल, एक एकर पेरा

पाऊस उघडलाय पण वाफसा नाही, औत बंद. म्हणून एक जुनी नोंद वाचत बसलो. जुनी म्हणजे १०८६ सालची, इंग्लंडातली.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. वीसेक वर्षांनी त्यानं जमिनीची पाहणी लावली. जमीन आधी कोणाची, आता कोणाची, नांगर किती, माणसं किती, किंमत किती. तेच डूम्सडे बुक. एसेक्स परगण्याच्या वहीत तर गुरंढोरंही मोजलीत.

त्यातलंच हेचाम हे छोटं गाव. आज ती जागा लंडनच्या वॉल्थमस्टो भागात येते.

जमीन ५ हाइड. हाइड म्हणजे सारा ठरवायचं माप, साधारण १२० एकर धरायचे. मालकाच्या खासगीत २ नांगर, रयतेचे ४. एका नांगराला ८ बैल धरायची रीत. कुळं आधी ८, आता १०. अल्पभूधारक २ चे ३ झाले. गुलाम तेव्हाही ४, आताही ४. गवताचं कुरण १८ एकर. रान मात्र डुकरांवर मोजलंय, ३०० डुकरं चरतील एवढं. मासेमारीच्या जागा अडीच होत्या, आता एकही नाही.

पुढं लिहिलंय, नवा मालक पीटर द व्हॅलोन्य यानं ताबा घेतला तेव्हा सापडला फक्त १ बैल आणि १ एकर पेरा. नांगराचे बैल वेगळे मोजत असतील, ते सोडा. पण अख्ख्या गावात पेरा एक एकर? शेतकऱ्याला यापेक्षा जास्त सांगायला नको.

१०८६ ला तिथं १५ गुरं, १ घोडा, १८ डुकरं, मधमाश्यांच्या २ पेट्या. गावची वर्षाची किंमत ४ पौंड १० शिलिंग. गाव सावरलं म्हणावं, तर शेवटी आणखी एक नोंद आहे.

त्या ५ हाइडांतली १ हाइड पूर्वी दोन स्वतंत्र माणसांची होती. विल्यमच्या काळात ती मालकाच्या जमिनीत घातली. तेव्हा किंमत १० शिलिंग, आता २२. किंमत दुपटीवर गेली, पण जमीन त्यांची राहिली नाही. मालकाचं नाव वहीत आहे, त्या दोघांचं नाही.

तेव्हापासून जमिनीची किंमत वाढली असं कोणी सांगितलं, की मी आधी मालकाचा रकाना बघतो.