फुगडीचे मूळ व तिचे आकर्षण : खानदेशातील आखाजीच्या संदर्भात

जोडीने करावयाचे नृत्य आपल्याकडे नव्हते, ते पाश्चात्त्यांकडून आले, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. फुगडीकडे पाहिले म्हणजे हे गृहीत टिकत नाही. दोघींनी समोरासमोर उभे राहावयाचे, पावलांशी पावले जुळवावयाची, हात फुलीसारखे गुंफावयाचे आणि मागे झुकून गरगर फिरावयाचे, हे तिचे साधे रूप. प्रस्तुत टिपणात खानदेशापुरता तिचा विचार करावयाचा आहे. १९०६ साली जुन्या खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. आजचे जळगाव व धुळे हे जिल्हे त्यांतूनच आले. पश्चिम भागातील नंदुरबार १९९८ साली वेगळा झाला.

फुगडीच्या प्राचीनतेविषयी लिखित पुरावा संतवाङ्मयात मिळतो. एकनाथांनी (१५३३–१५९९) फुगडीवर रूपके रचली. तुकोबांच्या गाथेतही टिपरी, हमामा, लगोरी यांच्याबरोबर फुगडी आहे. रूपक हे श्रोत्यांच्या नित्य परिचयाच्या वस्तूवरच उभे राहते. तेव्हा सोळाव्या शतकात हा खेळ मराठी मुलखात रुळलेला होता, एवढे निश्चित म्हणता येते. मात्र पहिला उल्लेख म्हणजे उत्पत्ती नव्हे. खेळ त्याहून जुना असला पाहिजे. शिवाय पंढरीच्या वाटेवर पुरुष वारकरीही फुगडी घालतात. म्हणजे ती स्वभावतः केवळ स्त्रियांची नाही. प्रसंगाने ती स्त्रियांची झाली.

खानदेशात हा प्रसंग मुख्यतः आखाजीचा. वैशाख शुद्ध तृतीयेच्या या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात. गौराईची गाणी, झाडाला बांधलेले झोके आणि फुगड्या यांनी दिवस भरून जातो. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी या सणावर व त्यातील झोक्यावर कविता रचली, ती याच अनुभवातून. रब्बीची कामे उरकलेली व खरिपाची पेरणी अद्याप दूर, असा हा काळ; सालदारांचे सालही आखाजीलाच संपते व नवे ठरते. शेतीच्या वर्षाच्या या सांध्यावरच लेकीला माहेरची सवड मिळे. खेळामागे असे श्रमाचे वेळापत्रक उभे आहे.

आता आकर्षणाचा प्रश्न. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन-ऑस्ट्रियन प्रदेशांत पुढे आलेल्या वॉल्ट्झ नृत्यातही जोडी गरगर फिरते; पण तेथे रूढीने पुरुष नेतो व स्त्री अनुसरते. फुगडीत नेणारी कोणी नाही. प्रत्येकीचा तोल दुसरीच्या हातात असतो. एकीने हात सोडला तर दोघीही पडावयाच्या. वर्षभर दुसऱ्यांच्या आज्ञेत वावरणाऱ्या स्त्रीला हे क्षणभराचे बरोबरीचे नाते किती मोलाचे वाटत असेल, याची कल्पना करता येते. अर्थात ही बरोबरी अंगणापुरतीच होती. तिने जातीची कुंपणे मोडली, असे मात्र म्हणता येणार नाही.

आज फुगडी स्पर्धांच्या व्यासपीठावर दिसते. तेथे फेऱ्या मोजल्या जातात, सोबतीण मोजली जात नाही. म्हणून अभ्यासकांनी केवळ गाणी उतरवून घेऊन थांबू नये. कोण कोणाबरोबर फुगडी घालीत असे, कोणत्या अंगणात, आणि कोणाला तेथे येण्यास मनाई होती, हे वृद्ध स्त्रियांना विचारून नोंदविले पाहिजे. खेळाचा खरा इतिहास त्या उत्तरांत आहे. आणि ती उत्तरे देणाऱ्या दरवर्षी कमी होत आहेत.