आधी केरसुणी, मग उदबत्ती

भगिनींनो, आपल्या स्मरणिकेत पाककृती येतात, ओव्या येतात, यात्रेची वर्णने येतात. मी मात्र यंदा घराच्या वासाविषयी चार शब्द लिहिणार आहे. विषय ऐकून कोणी नाक मुरडील. पण विषयच नाकाचा असल्याने तेवढे चालवून घ्यावे!

दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई आठ महिने अंथरुणाला खिळून होत्या. आजारी माणसाच्या खोलीला एक वास येतोच. भेटायला आलेली मंडळी दारातच थबकत, हळूच पदर नाकाशी नेत, आणि मला मेल्याहून मेल्यासारखे होई. मग मी सकाळ-संध्याकाळ उदबत्त्या लावू लागले, धूप घालू लागले, बाजारातून सुगंधी फवाऱ्याची बाटलीही आणली. एके दिवशी सासूबाई क्षीण आवाजात म्हणाल्या, "सूनबाई, माझा वास झाकू नकोस गं. ती खिडकी उघड, आणि ही गादी उन्हात टाक."

मी ओशाळले. त्यांना वारा बाधेल म्हणून खिडकी मीच बंद केलेली होती! त्या दिवसापासून खिडकी उघडी राहिली. चादर रोज बदलली. दोन गाद्या आलटून-पालटून उन्हात जाऊ लागल्या. चारच दिवसांत खोली पालटली, आणि पाहुणे दारातून पुढे येऊन सासूबाईंच्या उशाशी बसू लागले. शेवटचे महिने त्या माणसांत राहिल्या, याचे मला मोठे समाधान आहे.

त्यांचे ते वाक्य मनातून जाईना. घराला चांगला वास यावा ही धडपड किती जुनी असेल, या कुतूहलाने मी वाचनालयातून पुस्तके आणून वाचली. त्यातले जे मनाला पटले ते येथे मांडते.

आपल्या देशात सुगंधाचे शास्त्र फार जुने. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिता' या ग्रंथात 'गंधयुक्ती' नावाचा अध्यायच आहे. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली, तर किती मेळ होतात याचाही त्यात हिशेब आहे : १८२०! पुढे बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' लिहिला. त्यात राजाच्या उपभोगांत स्नान, तांबूल, फुलमाळा यांच्याबरोबर धूपही गणला आहे. अकबराच्या दरबारी अबुल फजल याने 'आईन-इ-अकबरी'त सुगंधी द्रव्यांसाठी स्वतंत्र प्रकरण दिले आहे. वाचून मन हरखते; पण लगेच ध्यानात येते की, हे सारे राजवाड्यातले. कस्तुरी आणि केशर आपल्या पणज्यांच्या कोनाड्यात कोठून असणार?

तरीही त्यांची घरे प्रसन्न असत. पहाटे केर निघे, अंगणात सडा पडे, जमीन शेणाने सारवली जाई. कपड्यांच्या पेटीत वेखंडाचा तुकडा, धान्यात कडुनिंबाचा पाला, माठात वाळ्याची जुडी. बाळंतिणीच्या खोलीत ओवा, वेखंड आणि धूप यांची धुरी. वैशाखात गोधड्या आणि पापड एकाच उन्हात, मात्र वेगळ्या दोरीवर नि वेगळ्या खाटेवर! दिवाळीपूर्वी भिंतींना चुना. मासळीच्या भांड्याला चिंच आणि राख. हे कोणत्या ग्रंथात लिहिलेले नव्हते. आईच्या हाताखाली मुलगी शिकली, एवढाच त्याचा इतिहास. तो लिहिला गेला नाही, कारण तो केरसुणीने लिहिलेला होता.

हा साधा धडा शहरांना फार महागात शिकावा लागला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्या काळी पुष्कळ जाणत्यांची अशी समजूत होती की, रोग दुर्गंधीतून उद्भवतो. म्हणून गटारांत जंतुनाशके ओतली, भिंतींना चुना फासला, अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावे म्हणून छपराची कौले काढली. पुण्यात तर झडतीच्या नावाखाली सोजीर घरांत, देवघरांत शिरले आणि लोक खवळले. त्याच साथीत रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

पुढे १८९८ साली कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवून दिले की, प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो, वासामुळे नव्हे. म्हणजे कारण चुकीचे धरले होते. पण त्या निमित्ताने हवा आणि उजेड यांचे मोल शहराला कळले. त्याच साली मुंबईत शहर सुधारणेचा ट्रस्ट निघाला आणि समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढण्यात आले. माझ्या सासूबाईंनी मागितली तीच गोष्ट : खिडकी उघडा!

या साथीच्या काळातली एक हकिकत गांधीजींच्या आत्मचरित्रात आहे. १८९६ साली ते राजकोटला होते. मुंबईचा प्लेग तिकडे येईल या भीतीने तेथे एक समिती नेमली गेली आणि गांधीजींनी घरोघरचे संडास तपासण्याचे काम पत्करले. श्रीमंतांच्या घरी त्यांना अंधार, घाण आणि दुर्गंधी आढळली. मग अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्यांच्या वस्तीत जायचे ठरले, तेव्हा समितीतला एकच सभासद बरोबर निघाला. आणि तेथे काय दिसले? शेणाने नीट सारवलेल्या जमिनी, झाडलेली अंगणे, मोजकी पण घासून लख्ख केलेली भांडी!

हे वाचून मी पुस्तक मिटून बसले. माझी आई तिच्या माहेरची गोष्ट सांगत असे. परसात टोपलीचा संडास होता. सफाई करणारी बाई मागल्या बोळातून येई, डोक्यावर टोपली घेऊन जाई. तिने पाणी मागितले तर वरून ओंजळीत ओतत. पुढल्या दारी मात्र रांगोळी आणि धूप. घराला सुवास होता खरा, पण तो दुसऱ्या एका बाईच्या डोक्यावर होता.

हे ओझे उतरावे म्हणून कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी जन्मभर खटपट केली. स्वतः भंगीकाम केले आणि कणकवलीजवळ गोपुरीत मैल्याचे खत होईल असे सोपे संडास करून दाखवले. गाडगेबाबा तर हातात खराटा घेऊनच गावात शिरत; आधी गाव झाडीत, मग कीर्तनाला उभे राहत. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक कडक झाला. तरी गटारात उतरलेली माणसे गुदमरून गेल्याची बातमी आजही वाचावी लागते.

तेव्हा मैत्रिणींनो, मला कळले ते एवढेच. वास तीन गोष्टींतून येतो : ओल, कुजणे आणि कोंडलेली हवा. त्यांवर अत्तराचा उपाय नाही. सकाळी समोरासमोरच्या दोन खिडक्या थोडा वेळ उघडाव्या. भांडी पुसायचे फडके आणि पायपुसणे रोज वाळवावे. ओल्या फडक्यात जंतू वाढतात नि तोच वास घरभर फिरतो. मोरीच्या जाळीत अडकलेले खरकटे रात्री काढूनच निजावे. ओला नि सुका कचरा वेगळा ठेवावा; फुटकी काच कागदात गुंडाळून त्यावर तसे लिहावे, म्हणजे तो उचलणाऱ्याचा हात कापणार नाही. आणि आपल्या गल्लीत सकाळी जी बाई कचऱ्याची गाडी घेऊन येते, तिला पाणी विचारावे. भांड्यातून, वरून ओतून नव्हे.

एवढे झाले की खुशाल उदबत्ती लावावी. मीही लावते, सासूबाईंच्या तसबिरीपुढे. आधी खिडकी उघडते, मग काडी ओढते.