लिहून देणार, लिहून घेणार : जालना परिसरातील खरेदीखतांच्या भाषेचा इतिहास

घर विकत घेणे हा सामान्य गृहस्थाच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठा व्यवहार होय. तथापि ज्या कागदाच्या बळावर तो घराचा मालक ठरतो, तो कागद त्याला स्वतःला वाचता येईलच असे नाही. जालना जिल्ह्यात ही विसंगती विशेष ठळकपणे दिसून येते. हा जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. परंतु त्यातील घराजमिनींचे जुने कागद हैदराबाद संस्थानच्या काळातील आहेत. सुमारे पाऊण शतकाच्या काळात येथील कारभाराची भाषा फारसीकडून उर्दूकडे आणि उर्दूकडून, काही काळ इंग्रजीच्या वाटेने, मराठीकडे वळली. याच सुमारास मोडी लिपीही व्यवहारातून नाहीशी झाली. या स्थित्यंतरांत खरेदीदाराला आपल्या कागदाचा अर्थ कसा लागत होता, हा प्रश्न केवळ भाषाशास्त्राचा नाही; त्याच्या डोक्यावरील छपराचाही आहे.

प्रथम खुद्द संज्ञांचा विचार करणे उपयुक्त ठरेल. मराठीत घराच्या विक्रीच्या दस्ताला ‘खरेदीखत’ म्हणतात. ‘खरेदी’ हा शब्द फारसीतून आला, तर ‘खत’ म्हणजे लेख हा मुळात अरबी. दस्त करून देणारा असतो विकणारा. पण त्याला नाव मिळाले आहे ते घेणाऱ्याच्या कृतीवरून. उर्दू दस्तात याच कागदाला ‘बैनामा’ म्हणत. ‘बै’ म्हणजे विक्री. म्हणजे तेथे नाव विकणाऱ्याच्या बाजूने पडले. मराठी दस्तातील पक्षकारांची नावे याहून लक्षणीय आहेत. उर्दू दस्तात ‘बाए’ म्हणजे विकणारा आणि ‘मुश्तरी’ म्हणजे घेणारा असे दोन पक्ष येतात. मराठी दस्तात मात्र ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असे शब्द येतात. ही नावे घरावरून वा पैशावरून न पडता लिहिण्यावरून पडली आहेत. म्हणजे मराठी परंपरेनुसार खरेदीदार घर घेतो त्याबरोबरच लेखही घेतो. जे लिहून घ्यावयाचे ते समजून घेतले पाहिजे, ही अपेक्षा या शब्दयोजनेतच अध्याहृत आहे. प्रत्यक्षात ती कितपत पूर्ण झाली, हे पाहावयाचे आहे.

हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकापर्यंत कारभाराची भाषा फारसी होती. त्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. गावपातळीवर मात्र कुलकर्ण्याचे दप्तर आणि सावकाराची वही मोडी मराठीतच राहिली. अशा रीतीने एकाच घराचा इतिहास दोन लिप्यांत विभागला गेला : गावातील वहिवाट मोडीत आणि कचेरी-न्यायालयातील व्यवहार उर्दूत. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग जालन्यावरून गेला. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण ज्या गावाच्या भरभराटीची साक्ष देते, त्या गावात घरांची आणि जागांची देवघेव अशा दुहेरी कागदांवर चालत होती.

सामान्य मराठी भाषिकाला उर्दू दस्तातील ‘हुदूद-ए-अरबा’ म्हणजे आपल्याच घराची चतुःसीमा होय, हे कोणीतरी सांगावे लागे. ‘रहननामा’ म्हणजे गहाणखत आणि ‘मुख्तारनामा’ म्हणजे दुसऱ्याला दिलेले अधिकारपत्र, हेही तसेच. हे सांगण्याचे काम दोन प्रकारचे लोक करीत. पहिला अर्जनवीस अथवा दस्तलेखक; तो कचेरीच्या आवारात बसून ठराविक साच्याचा दस्त लिहून देई. दुसरा वकील. ‘वकील’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ ‘ज्याच्यावर काम सोपविले तो’ असा आहे. मराठवाड्यातील वकिलाला उर्दू येणे अपरिहार्य होते. हैदराबादेत १९१७ साली भाषांतर विभाग स्थापन झाला आणि पुढे उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाऊ लागले. त्यामुळे कायद्याची उर्दू परिभाषा अधिक दृढ झाली.

मुंबईत उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेमुळे सॉलिसिटरांचा वर्ग उदयास आला आणि मिळकतींच्या कागदांची छाननी हे त्यांचे एक प्रमुख काम ठरले. मराठवाड्यात असा वेगळा वर्ग निर्माण झाला नाही. तेथे छाननी वकिलाकडे आणि लेखन दस्तलेखकाकडे, अशी विभागणी राहिली. आणि अनेक खरेदीदारांनी खर्च वाचविण्यासाठी पहिली पायरी गाळून दुसरीच तेवढी ठेवली. या काटकसरीचे परिणाम पुढे भोगावे लागत. दस्तलेखक सांगितलेले लिहितो. सांगितलेले खरे आहे की नाही, हे तपासणे त्याचे काम नव्हे.

न तपासलेल्या कागदात काय दडलेले असू शकते, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. पहिले कालगणनेचे. संस्थानच्या कागदांत फसली सन येतो. आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या आरंभापासून डिसेंबरअखेर फसली सनात ५९० आणि त्यापुढे ५९१ मिळविले असता इसवी सन येतो. त्यानुसार १३२० फसली म्हणजे १९१०-११. हाच आकडा हिजरी सनाचा समजून वाचला, तर तो १९०२-०३ ठरतो. आठ वर्षांच्या या फरकाने दोन दस्तांचा क्रम उलटा होऊ शकतो. आणि एकाच मिळकतीचे दोन दस्त असतील तेथे आधीचा कोणता, यावरच मालकी अवलंबून असते. मोबदल्याच्या रकमेतही असाच घोटाळा संभवतो, कारण हाली सिक्क्याचे सात रुपये साधारणतः सहा कलदार रुपयांच्या बरोबरीचे होते.

दुसरे उदाहरण इनामांचे. ‘मदतमाश’ आणि ‘खिदमतमाश’ या दोन शब्दांत ऐकणाऱ्याला फारसा फरक जाणवत नाही. परंतु मदतमाश म्हणजे निर्वाहासाठी दिलेले इनाम आणि खिदमतमाश म्हणजे धार्मिक वा अन्य सेवेच्या मोबदल्यात दिलेले इनाम. सेवेसाठी दिलेली जमीन धारकाला मोकळेपणी विकता येत नसे. अशा जमिनीवर पुढे वस्ती झाली आणि घर विकले गेले, तर दोष घरात नसून जुन्या नोंदीतील एका शब्दात असतो. तो शब्द वाचणारा माणूस व्यवहारापूर्वी भेटला नाही, तर व्यवहारानंतर न्यायालयात भेटतो.

संस्थानचे १९४८ साली भारतात विलीनीकरण झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १९६० सालीच भाषा संचालनालय स्थापन झाले. पुढे महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठीला राजभाषेचे स्थान मिळाले. कागद खरेदीदाराच्या मातृभाषेत आला. तथापि नव्या परिभाषेने वेगळी अडचण उभी केली. सबरजिस्ट्रार ‘दुय्यम निबंधक’ झाला, स्टँप ‘मुद्रांक’ झाला आणि मालकी लेखाने दुसऱ्याकडे सोपविण्याच्या क्रियेला ‘अभिहस्तांतरण’ असे नाव मिळाले. ज्याच्या आजोबांना ‘बैनामा’ समजला नव्हता, त्याला ‘अभिहस्तांतरण’ सहज समजते असे म्हणता येत नाही. त्या मानाने ‘बोजा’, ‘गहाण’, ‘कब्जा’ हे जुने शब्द लोकांच्या तोंडी टिकले, याचे कारण त्यांचा अर्थ अनुभवाने पक्का झालेला आहे.

या संदर्भात १९०८ च्या नोंदणी कायद्याचे एकोणिसावे कलम लक्षात घेण्याजोगे आहे. दस्ताची भाषा नोंदणी अधिकाऱ्याला समजत नसेल आणि ती त्या जिल्ह्यात सामान्यतः वापरातही नसेल, तर खरे भाषांतर व नक्कल सोबत असल्याशिवाय दस्त नोंदता येत नाही. कायद्याने येथे अधिकाऱ्याच्या समजुतीची तजवीज केली आहे. खरेदीदाराची समजूत त्याच्यावरच सोडली आहे. शिवाय नोंदणी होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. इंग्लंडमध्ये नोंदलेल्या मालकीला शासनाची हमी असते. भारतातील नोंदणीपद्धतीत तशी हमी नाही. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क होता तेवढाच घेणाऱ्याकडे येतो. साठेखताने तर तेवढाही येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या चोपन्नाव्या कलमानुसार विक्रीचा करार स्वतःहून मिळकतीत हक्क निर्माण करीत नाही. केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे केलेली विक्री मालकी देत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले.

म्हणूनच मागील हक्काची साखळी दुवा न दुवा वाचणे, दुय्यम निबंधकाकडील सूची तपासणे, चतुःसीमा प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहणे आणि वारसांपैकी कोणाची सही राहिली काय हे पाहणे, ही कामे आजही जाणकार वकिलाखेरीज नीट होत नाहीत. त्याची निवड करताना एक कसोटी पूर्वीइतकीच आजही लागू पडते : तो खरेदीदाराने नेमलेला असावा, विकणाऱ्याने सुचविलेला नसावा. ‘वकील’ शब्दाचा मूळ अर्थ येथे पुरता सार्थ होतो.

जुन्या लिप्यांचे महत्त्व अद्याप संपलेले नाही. जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथील आंदोलनानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि कुणबी नोंदींच्या शोधासाठी निजामकालीन कागद पुन्हा उघडले गेले. तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची निकड सर्वांनाच जाणवली. घरखरेदी करणाऱ्या सामान्य माणसाला ती निकड कितीतरी आधीपासून, एकेकट्याने, जाणवत आली आहे. शासनाची भाषा बदलते तेव्हा जुना कागद रद्द होत नाही. तो केवळ अवाच्य होतो. आणि अवाच्य झालेला कागदही मालकी ठरवीतच राहतो. ‘लिहून घेणार’ या पदवीस पात्र व्हावयाचे, तर लिहिलेले वाचून घेणारा माणूस आधी शोधावा लागतो, हाच जालना परिसरातील या कागदांच्या इतिहासाचा निष्कर्ष होय.