कानाशी किती जग असावे? फिरत्या श्रवणाचा आणि हेडफोनच्या निवडीचा इतिहास

१/१७
जून १९७९. टोकियोतील सोनी कंपनीने पत्रकारांना बसमधून योयोगी येथील उद्यानात नेले. प्रत्येकाच्या हाती एक निळसर यंत्र आणि कानांवर स्पंजच्या गाद्यांचा चिमुकला हेडफोन देण्यात आला. नव्या वस्तूची माहिती कोणी भाषणातून सांगितली नाही. ती कॅसेटवर ध्वनिमुद्रित होती. उद्यानातील इतरांना मात्र त्यातले काहीही ऐकू येत नव्हते. घराबाहेर, लोकांच्या मधोमध, एकट्याने ऐकण्याच्या युगाचा हा जाहीर आरंभ होता.

२/१७
त्या यंत्राचे नाव वॉकमन. त्याचा इतिहास बहुधा कॅसेटचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु कॅसेट १९६३ पासून होती आणि हातात मावणारे ध्वनिमुद्रकही होते. वॉकमन तर सोनीच्याच ‘प्रेसमन’ या छोट्या ध्वनिमुद्रकातून मुद्रणाची सोय काढून टाकून तयार झाला होता. खरी नवलाई तारेच्या दुसऱ्या टोकाला होती. चालत्या माणसाला पेलवेल असा हेडफोन त्याआधी नव्हता. तो का नव्हता आणि तो आल्यावर काय बदलले, याचा हा आढावा.

३/१७
कानाला यंत्र लावून संगीत ऐकण्याची प्रथा त्याहून जवळजवळ शतकभर जुनी. १८८१ च्या पॅरिसमधील विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेरागृहातील गायन टेलिफोनच्या तारांवरून श्रोत्यांपर्यंत पोहोचवले. दोन कानांना दोन स्वतंत्र श्रवणिका होत्या. १८९५ मध्ये लंडनला ‘इलेक्ट्रोफोन’ नावाची अशीच वर्गणीची सेवा सुरू झाली. तिची श्रवणिका वैद्याच्या स्टेथोस्कोपसारखी असून हनुवटीखाली हाताने धरावी लागे. श्रोता जागेवर बसलेला आणि त्याचा एक हात अडकलेला, अशी त्या काळच्या श्रवणाची स्थिती होती.

४/१७
आधुनिक घडणीचा हेडफोन एका स्वयंपाकघरातून आला. अमेरिकेतील युटा येथील नॅथॅनिअल बाल्डविन याने अभ्रकाच्या पडद्याचा अतिशय संवेदनशील हेडफोन बनवून १९१० मध्ये अमेरिकी नौदलाकडे पाठवला. नौदलाने तो पसंत केला, पण एक अडचण कळवली: डोक्यावरची पट्टी टोचते. बाल्डविनने ती सुधारली. स्वयंपाकघरात एका वेळी दहाच नग होतात, हेही त्याने नौदलाला प्रांजळपणे कळवले. हेडफोनविषयीच्या या जुन्या तक्रारीचा विषय ध्वनी नसून सोय हा होता, याची नोंद घ्यावी.

५/१७
संगीतासाठी हेडफोन वापरण्याची रीत रुळली ती १९५८ नंतर. मिलवॉकीच्या जॉन कॉस याने मार्टिन लँग या सहकाऱ्याबरोबर एक सुटसुटीत रेकॉर्ड-प्लेअर तयार केला. स्टिरिओचा परिणाम दाखवण्यासाठी त्याला जोडलेल्या हेडफोनने प्रदर्शनात मूळ यंत्रालाच मागे टाकले. हा ‘एसपी-३’ कान पूर्ण झाकणारा होता. श्रोत्याने खुर्चीत बसावे, खोलीतील आवाज बाहेर राहावेत आणि संगीत तेवढे आत यावे, ही त्यामागची कल्पना होती.

६/१७
दहा वर्षांनी जर्मनीतून नेमके उलटे उत्तर आले. सेनहायझर कंपनीच्या १९६८ च्या ‘एचडी ४१४’ या हेडफोनची मागची बाजू उघडी होती आणि कानांवर पिवळ्या स्पंजच्या गाद्या होत्या. वजन सुमारे १३५ ग्रॅम. बंद पेटीतला घुमारा गेला, कान तापेनासे झाले, ध्वनी मोकळा झाला. त्याची किंमतही उघड होती. बाहेरचे आवाज आत येऊ लागले आणि आतले बाहेर जाऊ लागले. हेडफोनच्या इतिहासातील पुढचे सारे वाद या उघड्या-बंद दारापाशी येऊन थांबतात.

७/१७
हा हलका हेडफोनही रस्त्यावर मात्र निरुपयोगी होता. त्याचा इम्पीडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा एकूण विरोध, २००० ओहम होता. घरातल्या मोठ्या यंत्राला तो चाले. दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या यंत्राकडे विद्युतदाबच तुटपुंजा. आणि दाब तेवढाच असेल तर विरोध जितका जास्त, तितकी हेडफोनला मिळणारी शक्ती कमी. ३२ ओहमच्या हेडफोनला त्याच दाबावर सुमारे साठपट शक्ती मिळते. फिरत्या हेडफोनांचा इम्पीडन्स कमी ठेवण्याचे कारण हे.

८/१७
दुसरी अडचण वजनाची. पडदा हलवण्यासाठी चुंबक लागतो आणि जुने चुंबक पुरेसे बलवान व्हायचे तर जड व्हावे लागत. १९६० च्या दशकात अमेरिकी वायुदलाच्या संशोधनातून सॅमेरियम-कोबाल्ट चुंबकाचा मार्ग खुला झाला. १९८० च्या दशकारंभी जपान आणि अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी निओडिमियमचा, त्याहून बलवान चुंबक सिद्ध झाला. आज शेंगदाण्याएवढे यंत्र कानात बसून सुस्वर वाजते, ते या चुंबकाच्या बळावर.

९/१७
१९७९ च्या सुमारास प्रचलित हेडफोनचे वजन ३०० ते ४०० ग्रॅम असे. वॉकमनचे स्वतःचे वजन ३९० ग्रॅम. म्हणजे यंत्र कमरेला आणि तेवढाच भार डोक्यावर! सोनीच्या संशोधन विभागात त्याच वेळी सुमारे ५० ग्रॅमचा उघडा हेडफोन निराळ्या प्रकल्पात आकार घेत होता. विमानप्रवासात संगीत ऐकण्याची हौस असलेले सहसंस्थापक मासारू इबुका यांनी लहान यंत्राची मागणी केली आणि या दोन धाग्यांची गाठ पडली.

१०/१७
दुसरे सहसंस्थापक आकिओ मोरिता नमुना घरी घेऊन गेले. ते ऐकण्यात गढलेले असताना पत्नीला आपण वगळले गेल्यासारखे वाटले, असे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. त्यांचा उपाय इतिहासकाराने थांबून पाहावा असा आहे. पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठी दोन छिद्रे ठेवली गेली. शिवाय एक नारिंगी बटण दिले गेले. ते दाबले की संगीत मंद होई आणि छोट्या मायक्रोफोनमधून शेजाऱ्याचे बोलणे हेडफोनमध्ये ऐकू येई.

११/१७
३३,००० येन किमतीचा वॉकमन १ जुलै १९७९ रोजी बाजारात आला. पहिली खेप ३०,००० नगांची होती. पहिल्या महिन्यात जेमतेम ३,००० खपले. तरुणांना टोकियोच्या गर्दीच्या भागांत वॉकमन लावून फिरवण्यात आले आणि ऑगस्टअखेर साठा संपला. ग्राहकांनी मोरितांच्या सौजन्याला मात्र दाद दिली नाही. यंत्र वाटून ऐकण्याऐवजी प्रत्येकाला स्वतःचे हवे होते. दुसरे छिद्र आणि नारिंगी बटण पुढील पिढ्यांतून लोप पावले.

१२/१७
याच सुमारास एका नव्या ग्राहकाचा जन्म झाला. यंत्राबरोबर मिळालेला हेडफोन बाजूला ठेवून अधिक चांगला विकत घेणारा तो ग्राहक. त्याच्यासाठी कॉस कंपनीने १९८४ मध्ये ‘पोर्टा प्रो’ आणला. उघडी रचना, ६० ओहम, घडी करून खिशात ठेवण्याची सोय आणि डोक्यावरचा दाब कमी-अधिक करण्यासाठी कानशिलावर टेकणाऱ्या गाद्या. तो आजही विकला जातो. उघडा असल्याने मागून येणाऱ्या गाडीचा भोंगा त्यातून ऐकू येतो. गजबजलेल्या रेल्वेत मात्र गाणे हरवते.

१३/१७
रस्त्यावरचा समाज हे सारे निमूटपणे पाहत नव्हता. १९८२ मध्ये न्यू जर्सीतील वुडब्रिज गावाने हेडफोन लावून रस्ता ओलांडण्यास बंदी घातली. १९८४ मध्ये जपानी अभ्यासक शुहेई होसोकावा यांचा ‘वॉकमन इफेक्ट’ हा निबंध इंग्रजीत प्रसिद्ध झाला. वॉकमन लावलेला माणूस शहरापासून तुटतो, की शहराशी नवे नाते जोडतो, हा प्रश्न विद्वत्चर्चेत आला. गावाला अपघाताची चिंता होती आणि अभ्यासकाला अर्थाची. वस्तू मात्र एकच होती.

१४/१७
बाहेरचे जग थोपवण्याचे दोन मार्ग पुढे निघाले. पहिला, कानाची वाट बुजवण्याचा. श्रवणशास्त्राच्या उपकरणांतून वर आलेल्या एटिमॉटिक कंपनीने १९९१ मध्ये ‘ईआर-४’ आणला. त्याची मऊ टोपी कर्णनलिकेत खोल बसते आणि बाहेरचा आवाज मोठ्या प्रमाणात अडवते. त्यासाठी विजेची गरज नाही. पण टोपी नीट न बसल्यास खर्जाचा ध्वनी नाहीसा होतो आणि चालताना तारेचे कापडावरील घर्षण थेट कानात उमटते. शांतता मिळते ती या अटींवर.

१५/१७
दुसरा मार्ग आवाजाला उलट्या आवाजाने मारण्याचा. कल्पना १९३० च्या दशकातील. १९७८ मध्ये युरोपहून बोस्टनला परतताना विमानाच्या घरघरीने त्रासलेले अमर बोस यांनी त्याच प्रवासात तिचे गणित मांडायला घेतले. हे क्रांतिकारक ननी गोपाल बोस यांचे चिरंजीव. १९८६ मध्ये न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या ‘व्हॉयेजर’ विमानाच्या वैमानिकांनी असे प्रायोगिक हेडफोन वापरले. सामान्य ग्राहकांसाठी ते २००० मध्ये आले. संथ, सलग घरघर यात उत्तम विरते. अचानक उठणारे बोलणे तितकेसे नाही.

१६/१७
इथे केवळ चैनीचा प्रश्न उरत नाही. उघडा हेडफोन लावलेला श्रोता गोंगाटात गाण्याचा आवाज वाढवतो आणि ते वाढवलेपण कान सोसतो. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या २०१९ मध्ये जाहीर झालेल्या मानकात प्रौढांसाठी मर्यादा आहे ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला तो उरतो चार तासांचा. रेल्वेत रोज दोन तास काढणाऱ्याची ही शिदोरी दोन दिवसांत संपते आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

१७/१७
म्हणून ‘सर्वांत चांगला हेडफोन कोणता’ या प्रश्नाला इतिहासाजवळ उत्तर नाही. पायी चालणाऱ्याला वाहनाचा आवाज ऐकू यायला हवा. त्याला उघडा बरा. आगगाडीत वा विमानात बसलेल्याला आवाज चढवावा न लागणे महत्त्वाचे. त्याला बंद, कान बुजवणारा किंवा गोंगाट मारणारा बरा. प्रत्येक सुधारणेने काहीतरी दिले आणि बदल्यात काहीतरी मागितले. ऑक्टोबर २०१९ मध्ये ॲपलने कान बंद करणारे ‘एअरपॉड्स प्रो’ आणले. त्यांत एक सोय होती: खुणेसरशी मायक्रोफोन बाहेरचे जग कानात आणून सोडतो. मोरितांचे नारिंगी बटण चाळीस वर्षांनी परत आले होते.